‘रानफूल’ या शब्दाचा विग्रह

शब्दावर होणारा अन्याय माणसावर होणार्‍या अन्यायाइतका डोळ्यांत भरत नाहीं. म्हणून तो दीर्घकाळ चालतो, आणि पुष्कळदां तो करणारे लोक स्वतःस त्या शब्दाचे भक्त समजत असतात. ‘रानफूल’ या शब्दाची हल्लीं हीच अवस्था झाली आहे. काव्यसंग्रहाला विनयशील नांव हवें असलें कीं ‘रानफुलें’. खेड्यांतल्या लेखकाची स्तुति करावयाची असली कीं ‘रानफुलासारखी प्रतिभा’. पावसाळी सहलीहून परतलेल्या मंडळींनीं काढलेलें छायाचित्र कशाचें आहे हें त्यांना सांगतां आलें नाहीं कीं त्याखालीं पुन्हां ‘रानफूल’. इतका लाडका झालेला हा शब्द नेमक्या कोणत्या वस्तूचा वाचक आहे, असें विचारण्याचें धाडस आम्ही आज करीत आहों.

निमित्त झालें तें एका पुस्तक-परीक्षणाचें. खेड्यांतून आलेल्या एका नव्या कवीच्या संग्रहाविषयीं परीक्षकानें मोठ्या गौरवानें लिहिलें होतें कीं, ही कविता म्हणजे कोणतीहि मशागत न होतां, कोणाच्याहि नजरेस न पडतां उमललेलें एक अनाम रानफूल आहे. परीक्षकाच्या सद्‌हेतूबद्दल आम्हांस शंका नाहीं. परंतु त्याच्या या एका वाक्यांत तीन विधानें दडलेलीं आहेत: रानफुलाला मशागत नसते, त्याला पाहणारा नसतो, आणि त्याला नांव नसतें. आमच्या मतें हीं तीनहि विधानें खोटीं आहेत. तीं फुलाच्या बाबतींत खोटीं आहेत आणि कवीच्या बाबतींत तर अधिकच खोटीं आहेत.

व्याकरणापासून आरंभ करूं. ‘रानफूल’ हा सामासिक शब्द आहे. ‘रानाचें फूल’ असा त्याचा विग्रह केला तर तो षष्ठी तत्पुरुष होतो. ‘रानटी असें फूल’ असा केला तर कर्मधारय. पहिल्या विग्रहांत रान हें त्या फुलाचें घर आहे. दुसर्‍यांत रान हा त्याचा दोष आहे, किंवा फार झालें तर कौतुकानें पोटांत घातलेलें उणेपण आहे. परंतु प्रचलित लेखनांत या दोहोंहून निराळा असा एक तिसराच अर्थ रूढ होऊं पाहत आहे, तो म्हणजे ‘बागेंतलें नव्हे तें’. व्याख्या करावयाची फुलाची आणि मोजमाप घ्यावयाचें कुंपणाचें, असा हा प्रकार आहे. नकारानें केलेली व्याख्या आळशी असते. ‘मराठी न बोलणारा’ एवढेंच सांगितल्यानें बंगाली, तमिळ आणि इराणी हे तिघे एका जातीचे ठरत नाहींत. मग ‘बागेंत न लावलेलें’ एवढ्या एका लक्षणावर सह्याद्रीवरचीं शेंकडों फुलें एका नांवाखालीं कां कोंबावीं?

आतां ‘रान’ या पदाकडे वळूं. संस्कृत ‘अरण्य’, प्राकृत ‘रण्ण’, मराठी ‘रान’ ही परंपरा सर्वश्रुत आहे. ‘अरण्य’ शब्दाच्या मुळाशीं ‘अरण’, म्हणजे दूरचा, परका, हा अर्थ आहे. गांवाबाहेरची परक्याची भूमि तें अरण्य. परंतु मराठींत येतां येतां या शब्दानें आपलें घर बदललें. देशावरच्या कोणत्याहि शेतकर्‍याच्या दाराशीं जाऊन घरधनी कोठें आहेत म्हणून विचारावें. ‘रानात गेलेत’ असें उत्तर येईल. तो वाघाच्या शिकारीस गेलेला नसतो, ज्वारीला पाणी द्यावयास गेलेला असतो. रान नांगरतात, रान पेरतात, रानाची वांटणी होते, रानाच्या बांधावरून भावाभावांत फौजदारी होते. गुरें चारावयाची गांवाची सामाईक जमीन ती ‘गायरान’. एखाद्या कार्यासाठीं सर्वस्व वेंचणें म्हणजे ‘जिवाचें रान करणें’. जी भूमि संस्कृतांत परकी होती ती मराठी कुणब्यानें अशा रीतीनें आपली करून टाकली. ‘रान म्हणजे जेथें माणूस नाहीं ती जागा’ हा अर्थ केवळ शहरांतल्या माणसाला सुचतो, कारण तेथें तो स्वतः नसतो.

वनस्पतींच्या नांवांतहि ‘रान’ हें उपपद याच आपलेपणानें येतें. रानहळद, रानतुळस, रानभेंडी, रानकेळ हीं नांवें पाहावींत. ज्यानें तीं ठेवलीं त्याला परसांतली हळद ठाऊक होती आणि कड्याच्या कपारींत पावसाळ्याच्या तोंडावर गुलाबी तुरा काढणारी तिची बहीणहि ठाऊक होती. दोघींचें गोत्र एक आणि घर निराळें, हें त्यानें एका उपपदानें सांगितलें. चुलत, मावस, आते या शब्दांनीं आपण जें काम करतों तेंच येथें ‘रान’ या शब्दानें केलें आहे.

यापुढें नांवाचा प्रश्न येतो, आणि येथें आम्हांस स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. आम्ही जवळजवळ तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकवीत आलों. इंग्रज कवि ग्रे याची १७५१ सालीं प्रसिद्ध झालेली, गांवच्या दफनभूमींत रचलेली विलापिका या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनीं पाठ केली आहे. खेड्यांत दडून राहिलेल्या गुणी माणसांना कवीनें कोणी न पाहतां फुलणार्‍या आणि आपला सुगंध व्यर्थ दवडणार्‍या फुलाची उपमा दिली आहे. तें कडवें शिकवितांना आम्हीं एकदां ‘म्हणजे आपलें रानफूल’ असें सांगून पुढें चाललों होतों. सातारा जिल्ह्यांतल्या जावळी भागांतून आलेला एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, “सर, कोणतं फूल?” आम्ही म्हणालों, “कोणतंही. रानफूल.” त्यावर तो अगदीं सरळपणें म्हणाला, “आमच्याकडं असं फूल नाही, सर. तेरडा असतो, सोनकी असते, कारवी असते.” वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों. त्याच्या त्या उत्तरांत आमच्या अर्ध्या तासाच्या विवरणाहून अधिक ज्ञान होतें, हें आमच्या ध्यानांत येण्यास बरींच वर्षें जावीं लागलीं.

त्या मुलानें सांगितलेलीं तीन नांवेंच घ्या. तेरडा हें डोंगरउतारावर आपोआप येणारें झाड. परंतु भाद्रपदांत अनेक घरीं तेंच मुळासकट आणून गौर म्हणून पाटावर बसवितात, आणि त्याच्या क्षणभंगुर रंगावर ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण झाली आहे. ज्याला पूजा आहे आणि ज्याच्यावर म्हण आहे, तें अनाम कसें? कारवी बहुधा सात वर्षांनीं एकदां सगळा डोंगर जांभळा करून फुलते आणि बीं धरून मरते. तिच्या काठ्यांच्या कुडावर माती लिंपून घाटमाथ्यावर घरांच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि तिच्या फुलोर्‍याच्या वर्षीं मध किती येईल याचा अंदाज बांधणारे लोक तेथें आहेत. सोनकी पठारें पिवळीं करूं लागली म्हणजे पावसाचा जोर ओसरत चालला, हें त्यांना पंचांगावांचून कळतें. कळलावीला ‘कळलावी’ म्हणणार्‍यास तिचा कंद विषारी आहे हेंहि ठाऊक असतें आणि अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्या म्हणून जुन्या सुइणी त्याचा उपयोग करीत हेंहि ठाऊक असतें. कुर्डू, टाकळा, फोडशी, भारंगी यांचीं फुलें आपण ‘रानफुलें’ म्हणून पाहतों. ज्यांच्या चुलीवर त्यांची भाजी शिजते ते लोक त्यांना त्यांच्या नांवानें हांक मारतात. पाणथळ सड्यावर निळ्या थेंबांसारख्या दिसणार्‍या, बारीक जीव गिळून जगणार्‍या वनस्पतीच्या फुलांना ज्यानें ‘सीतेचीं आसवें’ म्हटलें, त्याच्या कल्पनेपुढें आमचे कित्येक प्रतिष्ठित कवि फिके पडतील.

हें ज्ञान कोणापासून लपून राहिलेलें नव्हतें. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील इंग्रजी ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झाला. त्यांत शास्त्रीय नांवाबरोबर देशी नांवें नोंदविलीं आहेत. दुर्गा भागवतांनीं ‘ऋतुचक्र’ (१९५६) लिहिलें तेव्हां झाडाला झाडाच्या आणि फुलाला फुलाच्या नांवानें हांक मारली. त्यामुळें त्यांच्या गद्याचें काव्य तिळभरहि उणें झालें नाहीं. परदेशांतून आलेल्या प्राचार्याला आणि मुंबईच्या विदुषीला जें साधलें, तें ललितलेखकांच्या पुढच्या पिढ्यांना कां साधूं नये? नांव न विचारतां फुलाला अनाम म्हणणें हा फुलाचा वर्णविशेष नव्हे. तो वर्णन करणाराचा आळस आहे.

‘न पाहिलेलें’ या विशेषणाची हीच गत. ग्रेच्या फुलाचा सुगंध व्यर्थ गेला असें म्हणावयाचें तें कोणाच्या दृष्टीनें? मधमाशीच्या दृष्टीनें नव्हे, गुराख्याच्या दृष्टीनेंहि नव्हे. उद्यानांतून फिरणारा गृहस्थ तेथें पोंचला नाहीं, म्हणजे पाहणाराच कोणी नव्हता! आमचें कौतुक असें कीं, ही उपमा आम्हीं विलायतेहून आणली आणि घरांतला कालिदास विसरलों. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत राजा दुष्यंत आश्रमकन्यांना पाहून म्हणतो कीं, वनलतांनीं उद्यानलतांना गुणांनीं मागें टाकलें. आमचे लोक एवढें एक वचन उचलतात आणि थांबतात. परंतु त्याच प्रवेशांत त्या मुली हातांत घट घेऊन झाडांना पाणी घालीत आहेत. त्यांतली नवमालिका ही शकुंतलेची विशेष लाडकी, आणि तिचें ‘वनज्योत्स्ना’ हें नांवहि शकुंतलेनेंच ठेवलेलें आहे. सासरीं निघतांना ती त्या वेलीला बहीण मानून निरोप देते. कालिदासाची वनलता ही पाणी दिलेली, पाहिलेली आणि नांव ठेवलेली लता आहे. राजाला ती नवी वाटली, कारण तो त्या दिवशीं प्रथमच तेथें आला होता.

राहतां राहिली मशागत. सातार्‍याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर असलेलें कासचें पठार आतां जगप्रसिद्ध आहे. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत त्याचा समावेश झाला. जांभ्या दगडावर मातीचा पातळसा थर, त्यावर चार महिने पाऊस आणि नंतर रखरखीत ऊन; अशा कठीण जागीं हें वैभव फुलतें. गर्दीपासून व गुरांपासून त्याचें रक्षण व्हावें म्हणून तेथें तारेचें कुंपण घालण्यांत आलें. परंतु चराई थांबली म्हणजे उंच गवत माजतें आणि त्याखालीं लहान फुलें दडपतात, असा आक्षेप गांवकर्‍यांनीं व अभ्यासकांनीं घेतला. पुढें तें कुंपण काढण्यांत आलें. यांतला बोध उघड आहे. आजूबाजूच्या गांवांचीं गुरें पिढ्यान्‌पिढ्या तेथें चरत होतीं. त्यांचें चरणें हाहि त्या फुलोर्‍याच्या घडणीचा एक भाग होता. मशागत नांगरानेंच होते असें नाहीं.

आणि कवीचें काय? बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें आलीं, तेव्हांपासून आजपर्यंत त्यांच्याविषयीं ‘आपोआप उमललेली प्रतिभा’ हें पालुपद चालूं आहे. ज्या खानदेशी घरांत त्या वाढल्या तेथें पहांटे जात्यावर ओवी होती, सणावारीं गाणीं होतीं, कीर्तनें होतीं, म्हणी आणि उखाणे होते. जात्यावरच्या ओवीला मात्रा आहेत, यमक आहे, प्रास आहे. ती आईकडून मुलीकडे जाते, आणि चुकली तर समोर दळायला बसलेली बाई ती दुरुस्त करते. मराठी बायकांच्या या ओव्या गोळा करूं लागलेल्या अभ्यासकांच्या पदरीं लाखाच्या घरांत ओव्या जमल्या. याला शाळा म्हणावयाचें नसेल तर शाळा कशाला म्हणावयाचें? ‘मशागतीवांचून फुललेली’ असें म्हणतांना परीक्षक कवयित्रीचा गौरव करीत नसून तिच्या आईचा, आजीचा आणि सार्‍या गांवाचा हिशेब बुडवीत असतो. वर पुन्हां तिच्या कवितेंतली रचना, घासणी आणि निवड तपासण्याच्या कष्टांतूनहि तो मोकळा होतो. फुलाची चिकित्सा कोण करणार? तें तर रानफूल!

येथवर शब्दाच्या संकोचाची कथा झाली. आतां त्याच्या अतिव्याप्तीची. ‘कोणी न लावलेलें तें रानफूल’ ही व्याख्या एकदां पत्करली म्हणजे तिच्या दारानें कोणीहि आंत येतें. पुण्याच्या आसपास रस्त्यांच्या कडेला आणि टेकड्यांवर पावसाळ्याच्या अखेरीस नारिंगी-पिवळा कॉसमॉस फुलतो. तो मूळचा मेक्सिकोकडचा. बागेंतून सुटून रानांत शिरलेला. त्याच्यापुढें उभें राहून हौशी मंडळी ‘रानफुलांच्या सान्निध्यांत’ आपलीं छायाचित्रें काढून घेतात, आणि कांहीं उत्साही जीव पुण्यकर्म समजून त्याचें बीं आणखी चार टेकड्यांवर फेंकतात. घाणेरी उर्फ टणटणी हीहि उष्ण अमेरिकेंतली. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बागेची शोभा म्हणून या देशांत आली आणि आज डोंगर व्यापून बसली आहे. गाजरगवताची नोंद पुण्याहून १९५६ सालीं झाली. त्याचीहि पांढरीं फुलें कोणी न लावतां फुलतात. मग त्यालाहि रानफूल म्हणावें काय? कोंकणच्या माणसानें मात्र अशाच एका अमेरिकन झुडपाला ‘रानमोडी’ म्हटलें: जी रान मोडते ती. ती फुलते, कोणी लावीत नाहीं, रानांत असते. तरीहि ती रानाची नव्हे, उलट त्याची वैरीण आहे. षष्ठी तत्पुरुष आणि नुसतें ‘रानांत असणें’ यांतला भेद आमच्या पदवीधरांपेक्षां त्याला अधिक कळला होता.

याहून मौजेचा प्रकार ‘गिरिपुष्प’ या शब्दाचा. मध्य अमेरिकेंतून आलेल्या ग्लिरिसिडिया या झाडाच्या लॅटिन नांवाचा अर्थ ‘उंदीर मारणारें’ असा आहे, आणि मराठींत त्याला ‘उंदीरमारी’ हें रोखठोक नांवहि आहे. परंतु उच्चाराच्या साम्यावर त्याचें ‘गिरिपुष्प’ असें बारसें झालें आणि एका क्षणांत परदेशचा पाहुणा सह्याद्रीचा पुत्र झाला! शेताच्या बांधावर हिरवळीचें खत म्हणून त्याचा उपयोग होतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरणाच्या नांवाखालीं तें दाट लावलें गेलें, तेव्हां मूळच्या गवताळ उतारांचें ऊन गेलें. ‘उंदीरमारीची लागवड’ असा फलक लावला असता तर दहा माणसांनीं विचारलें असतें; ‘गिरिपुष्प’ या नांवाला कोण विचारणार?

शब्दांच्या या ढिलाईचें फळ असें प्रत्यक्ष जमिनीला भोगावें लागतें. सात-बाराच्या उतार्‍यावर जी जागा नांगराखालीं येत नाहीं तिला ‘पोटखराब’ म्हणतात. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत अरण्यभूमि आणि पडीक भूमि यांचा उल्लेख एका दमांत येतो. खडकाळ सडे, माळ, गवताळ उतार हीं जीं रानफुलांचीं खरीं माहेरघरें, तीं कागदोपत्रीं ओसाड ठरतात. आणि ओसाड ठरलेल्या जागेवर कोणीहि कांहींहि केलें तरी तो विकास किंवा वनीकरण ठरतो. जें फूल अनाम, न पाहिलेलें, कोणाचेंहि नव्हे असें आम्ही कवितेंत म्हणतों, त्याची जागाहि मग कोणाची नाहीं असें दप्तरांत म्हटलें गेलें तर तक्रार करण्यास आम्हांस तोंड राहत नाहीं.

आमच्यावर येणारे दोन आक्षेप आम्हांस दिसत आहेत. पहिला असा कीं, योगापेक्षां रूढि बलवत्तर. लोक शब्द ज्या अर्थानें वापरतात तोच त्याचा अर्थ. तत्त्व मान्य आहे. परंतु लोक म्हणजे कोण? रानांत राहणारा माणूस ‘रानफूल’ हा शब्द क्वचितच उच्चारतो, कारण त्याच्यापाशीं नांवें आहेत. मूठभर लिहिणारांच्या अज्ञानाला रूढीचें सिंहासन देण्यास आम्ही तयार नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, परकें म्हणून फुलाला नाकारणें हा कोतेपणा आहे; मिरची, बटाटा, सीताफळ हींहि बाहेरूनच आलीं. अगदीं खरें. दसर्‍याला दारावर चढणारा झेंडूहि मेक्सिकोकडचाच, आणि त्यावांचून आमचा दसरा होत नाहीं. परंतु झेंडूला कोणी रानफूल म्हणत नाहीं. पाहुण्याला पाहुणा म्हणणें हा त्याचा अपमान नव्हे; त्याच्या नांवावर घराचा सात-बारा चढविणें हा मात्र घरच्यांचा अपमान आहे.

तेव्हां आमची व्याख्या अशी: रानफूल म्हणजे विशिष्ट रानाचें फूल. त्या मातीशीं, त्या पावसाशीं, तेथल्या किड्यामुंग्यांशीं आणि गुरामाणसांशीं ज्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे तें. तें कोणी लावलें कीं नाहीं हा गौण प्रश्न आहे. तें कोणत्या रानाचें, हा मुख्य. ज्याला या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं त्यानें नुसतें ‘फूल’ म्हणावें. त्यांत कमीपणा नाहीं. आणि खेड्यांतल्या कवीची स्तुति करावयाची असेल तर त्याला रानफूल म्हणण्यापूर्वीं त्याचें रान कोणतें, त्यानें काय ऐकलें, कोणापासून घेतलें आणि त्यांत स्वतःचें काय घातलें, हें परीक्षकानें शोधावें. तेवढें केल्यावर बहुधा उपमेची गरजच उरणार नाहीं.

ग्रेची ती कविता आम्ही अजून शिकवितों. तें कडवें आलें म्हणजे पुढें जाण्यापूर्वीं वर्गाला न लावतां येणार्‍या पांच फुलांचीं नांवें फळ्यावर लिहावयास सांगतों. शहरांतलीं मुलें गुलाब आणि जास्वंद लिहून थांबतात. मागच्या बाकावरचें कोणीतरी उठतें आणि खडू हातांत घेतें. हल्लीं आम्ही हंसत नाहीं, लिहून घेतों.